साहेबांनी त्या बाईला कुठे नेलं?

नागपूरला मी ना संत्र्यांसाठी गेले, ना वाघ बघायला. एका जुन्या ब्रिटिश पोलिसी मालिकेतला खुनी कोण, एवढं विचारायला गेले. हसा खुशाल.

लहानपणी नागपूरच्या महाल भागात शेजारच्या बबनकाकांच्या टीव्हीवर पाहिलेली ती कृष्णधवल मालिका मला परवा इंटरनेटवर सापडली. लांब कोटातले इन्स्पेक्टर, धुकं, सगळं तसंच. पण माझ्या आवडत्या भागाचा शेवटच वेगळा! नवऱ्याला विष घातल्याच्या संशयातून बायको सुटते, हे मी शपथेवर सांगितलं असतं. इथे तर तिनेच सूपमधून विष दिलेलं. पुन्हापुन्हा पाहिलं. आपलं डोकं कामातून गेलं की काय, या धास्तीने झोप उडाली. आईला विचारलं तर "काकाले विचार" म्हणून ती वाटाणे सोलत बसली.

पुण्याहून स्लीपर बस धरली. समृद्धी महामार्गावर पोटातलं पाणी हलत नाही, पण खायचं सोबत ठेवा. जायचं ते थंडीतच. सीताबर्डीला हजार-बाराशेत बरी खोली मिळते. सकाळी तर्री-पोहे खाल्ले, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी एक प्लेट मागवली.

महालात गल्ली सापडली, काकांचं घर नाही. तिथे मोबाइलचं दुकान. दुकानदार म्हणाला, "काका तं पोराकडे हुडकेश्वरले राह्यते आता." ऑटोचा भाव आधी ठरवा. हुडकेश्वरची सगळी लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहती, मला सारखीच दिसली. एकाच देवळाला नकळत प्रदक्षिणा घालून शेवटी पोचले.

काका दवाखान्यात कंपाउंडर होते, म्हणून गल्लीला त्यांचं इंग्रजी पक्कं वाटायचं. पडद्यावर साहेब बोलायचे, काका वऱ्हाडीत सांगायचे, आणि आम्ही ऐकायचो काकांचं.

"काका, ती बाई सुटते ना हो?"

"कुठची सुटते वं! पकडलं तिले. गाडीत बसवून नेते ना शेवटी."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, साहेब तिले घरी सोडून राहिले!"

"हाव, म्हटलं होतं."

"इंग्रजी कळलं नव्हतं तुम्हाला?"

"पोलीस कोनाले नेऊन राहिले, हे समजाले इंग्रजी कायले लागते?"

मग खोटं काहून सांगितलं, असं मीच विचारलं. काकांनी आवाज बारीक केला.

"तुही माय बसली होती ना समोर. तुहा बाप रात्री जेवून झोपला अन् उठलाच नाही. बायकोनंच काही घातलं, असं लोकं बोलून राहिले होते. मी त्या बाईले फासावर कसा चढवू?"

तेव्हा मी सहा वर्षांची होते. वडील गेले, एवढंच मला ठाऊक होतं. काकूंनी दिलेला चहा तसाच निवला.

परतीच्या बसमध्ये मी पार गोंधळून गेले होते. मला आवडलेली मालिका ब्रिटिशांनी केली की बबनकाकांनी? आणि आईने काकांच्या शब्दावर विश्वास ठेवला असेल, तर आता तिला खरं सांगायचं का?

घरी आले तर तिनेच विचारलं, "सांगितलं काकानं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पोलीस तिले नेऊन राहिले, हे मले तवाच दिसलं होतं. पन बाई निर्दोष हाय म्हटल्यावर साऱ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या वं. दुसऱ्या दिवशी शेजारणी पुन्हा भाजी निवडाले माह्या ओट्यावर येऊन बसल्या."