जवळ्यातून काढलेली वाट

आज बायकोने सुका जवळा भाजायला घेतला आणि त्या वासाने मला माझीच किळस आली. मागे एकदा मनोरीच्या किनाऱ्यावर एक मित्र आणि मी भाड्याची एटीव्ही, ती चार जाड चाकांची गाडी, पळवत होतो. कोळणींनी जाळ्यांवर जवळा वाळत घातला होता आणि गाड्यांसाठी बाजूने दगड लावून वाटही सोडली होती. मागे बसलेला मित्र मोबाइल धरून ओरडला, “मधून घे ना यार, झकास व्हिडिओ येईल!” मी गाडी मधूनच घातली. एक म्हातारी कोळीण धावत आली. “सॉरी मावशी, दिसलंच नाही,” मी धडधडीत खोटं बोललो. तिने चाकाखालचा काळा पडलेला जवळा मूठभर उचलून माझ्या नाकाशी धरला. “हुंग. आता हा कोन खानार?” मित्राने काल तो व्हिडिओ पुन्हा टाकला आणि मी, निर्लज्ज, त्याला लाइकही ठोकला.