मांडीवरचा नारळ

बदलापूर गावातल्या देवीपुढचा नारळ कुठेही जमिनीला टेकवायचा नाही, थेट मुलीच्या ओटीत घालायचा, असं बायकोनं बजावलं होतं. माझी मेव्हणी आणि साडू मोंबासाला वारले, त्यांची दोन वर्षांची पोर पोरकी झाली. आम्हांला मूल नव्हतं. तिला दत्तक आणायला मी आगबोटीनं निघालो. जेवताना, झोपताना, ओकतानासुद्धा नारळ माझ्या मांडीवर असे. पंचेचाळिशीच्या माणसाला डोहाळे लागल्यासारखं दिसत असावं.

शेजारच्या वळकटीवर उल्हासनगरच्या छावणीतली एक सिंधी म्हातारी होती. रोज सकाळी ती चिमूटभर तांदूळ-साखर समुद्राला वाहायची, मग माझ्याकडे बघून तोंडाला ओढणी लावून हसायची.

एके दुपारी बोट कलली. रामरक्षा म्हणत मी कठड्याला मिठी मारली आणि नारळ सुटून लोखंडावर फुटला. मी ढसाढसा रडलो. एवढा अपशकुन झाल्यावर पोर आपली कसली होते!

म्हातारीनं तुकडे गोळा केले. एक समुद्राला दिला, एक स्वतः चावला. "मीठा है, साईं. रोते क्यों हो?"

"आता मुलीच्या ओटीत काय घालू, माई?"

"उसकी छोड़ो. तुम्हारी गोद में तो नारियल बैठा था. बच्ची बैठती कहाँ?"

मोंबासाला दत्तकविधीसाठी सोवळं नेसून मी रिकाम्या मांडीनं जमिनीवर बसलो. पाठ केलेला मंत्र आठवेना. पोर बराच वेळ लांबूनच बघत राहिली. मग येऊन मांडीवर बसली आणि तिनं माझं सोवळं ओलं केलं.

मी हललो नाही.