तपासणी होईपर्यंत

आमच्या मुलींच्या बोर्डिंगला सरकारी ग्रँट होती, मागासवर्गीय मुलींसाठी. ती मिळायची हजेरीवर. तपासणीच्या दिवशी जितक्या मुली साहेबांसमोर दिसतील, तितक्यांच्या जेवणाचा खर्च मंजूर. सत्तरच्या दशकात, मी नववीत असताना, नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ हे बोर्डिंग होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आम्ही फडक्यातून गाळून प्यायचो. ग्रँट लांबलेली, त्यामुळे सरपण जेमतेम स्वयंपाकापुरतं. पाणी उकळायचं कुठून? आधी एका लहान मुलीला ताप आला. तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. मग आणखी एक घरी गेली. खोलीत सतरंज्यांच्या मधे जागा दिसू लागली आणि रेक्टरबाई तिथून जाताना जरा थबकायच्या.

मग माझ्या शेजारी झोपणारी आजारी पडली. ती रामटेककडची, माझ्याच वर्गातली. तिचा ताप उतरेना. जिभेवर पांढरा थर आला, भाताचा वासही सहन होईना. मी रेक्टरबाईंकडे गेले.

"बाई, तिले दवाखान्यात न्या ना. ती काहीच खाऊन नाही राहिली."

"मले दिसून नाही राहिलं काय?" बाई म्हणाल्या. "दोघी आधीच गेल्या. आणखी एक कमी दिसली तं साहेब लिहितात, इथं मुलीच राहत नाहीत. मंग बोर्डिंग बंद. सोमवारी तपासणी हाय. ती झाली का लगेच नेतो."

बाई दुष्ट नव्हत्या. आमच्याच वस्तीतून शिकून वर आलेल्या. रोज स्वतः तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या. पण सोमवारी साहेब आले नाहीत. गुरुवारी येणार असा निरोप आला, आणि गुरुवारही कोरडा गेला. तोवर ती बरळायला लागली होती. "धानावर पाखरं बसली, हाकल वं," असं छताकडे बघत म्हणायची. बाकीच्या मुली आपापल्या सतरंज्या भिंतीकडे सरकवू लागल्या. विहिरीवर जायला कुणी धजेना, पण दुसरं पाणी नव्हतं म्हणून तेच प्यायचो.

शेवटी एका दुपारी साहेबांची जीप आली. बाईंनी तिला धुतलेला फ्रॉक घातला, तोंडाला पावडर लावली, भिंतीला टेकवून बसवलं.

"तू तिले धरून बस," त्या मला म्हणाल्या. "पडू देऊ नको."

तिचं अंग माझ्या खांद्याला भाजत होतं. साहेब मुली मोजत आमच्यापाशी आले आणि तिलाच विचारलं, "काय नाव तुझं?"

"पाखरं हाकल वं," ती म्हणाली.

"जरा भोळी आहे, साहेब," बाई घाईने म्हणाल्या.

बाईंकडे न बघता मी म्हटलं, "भोळी नाही साहेब. तिले ताप हाय. हात लावून पाहा."

त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग विहीर कुठे आहे ते विचारलं. तिला त्यांच्याच जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. जीपमध्ये तिचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं.

मुदतीचा ताप होता, म्हणजे टायफॉइड. ती वाचली. केस गळाले, अशक्तपणा राहिला. घरच्यांनी तिला गावी नेलं, ती परत शाळेत आली नाही. साहेबांच्या अहवालानंतर ग्रँट थांबली आणि दिवाळीआधी बोर्डिंगला कुलूप लागलं. नागपुरात मावशी होती म्हणून माझी शाळा टिकली. बाकीच्या बहुतेक जणी गावोगावी परतल्या.

पुढच्या जूनमध्ये शाळेतून येताना बोर्डिंगच्या पायरीवर एक माणूस दिसला. सोबत नव्या फ्रॉकमधली मुलगी आणि पत्र्याची पेटी.

"हे कधी उघडते वं बाई?" त्याने विचारलं.

"बंद झालं, काका."

"काहून? आमाले तं सांगतलं, सरकार पोरीले ठेवून घेते म्हणून."

मी दुसऱ्या एका बोर्डिंगचा पत्ता सांगितला. तिथे जागा असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. त्याने पेटी डोक्यावर घेतली. मुलीला तहान लागली होती. ती आवारातल्या विहिरीकडे वळली, तेव्हा मी धावत जाऊन तिचा हात धरला.