अटॅक असा नाई येत

“मी मेल्यावर बाया रडल्या नाई, तर नाटक पडलं समजा,” असं भाऊ म्हणायचे. आमच्या नाटक मंडळीत ते म्हाताऱ्या बापाचं काम करत, मी पेटी वाजवायचो. तिसऱ्या अंकात मुलगा उलटून बोलला, की भाऊंचा डावा हात छातीवर जायचा, उजवा हवेत आधार शोधायचा आणि सगळं स्टेज फिरून झाल्यावर ते धाडकन पडायचे. झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेतलं नाटक तुम्ही पाहिलं असेल, तर त्यांना मरतानाही पाहिलं असेल.

नव्या नटांना ते बजावायचे, “अटॅकमंधी घाई नाई कराची. पब्लिकले कळू द्या, कोण मरून राह्यला.”

सत्तरी आली, तेव्हा मी म्हटलं, “भाऊ, एकदा बीपी तपासून घ्या.”

“काऊन? रोज पडतो, रोज उठतो. माह्यापेक्षा कोणाचं हार्ट पक्कं हाय?”

मग मार्कंड्याजवळच्या एका गावी, सकाळच्या तालमीत, त्यांचा जबडा दुखू लागला. घामानं बंडी भिजली. मी घाबरून छातीचं विचारलं, तर चिडले.

“अटॅक असा नाई येत! तू मले शिकवतं? दाढ असन.”

दाढेच्या डॉक्टरकडे नेतो, असं सांगून आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, झटकाच आहे. वयानं रक्तवाहिन्या कडक झाल्यात, बीपीही जुनंच दिसतंय. म्हातारपणी कधीकधी छाती दुखतच नाही.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे इतके वर्षं मी चुकीचाच मरून राह्यलो?”

जाळी बसवली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, नको नको म्हणत असताना पुढच्या हंगामात ते पुन्हा उभे राहिले. त्या प्रयोगात त्यांनी छातीला हातच लावला नाही. जबडा चोळला, कपाळ पुसलं, खुर्चीवर बसले आणि मान टाकली. पेटीवरचे माझे हात थांबले. मी ते आधी पाहिलं होतं.

मागून आवाज आला, “मेला का बसला बे?” मंडप हसला.

सकाळी मालक अदबीनं म्हणाले, “भाऊ, मागच्यासारखे मरा ना.” भाऊ तसे मरू लागले. बाया पुन्हा रडू लागल्या.

या उन्हाळ्यात ते गेले. यावेळी मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी अंगणात निंबाखाली खाटेवर पडले होते. बाईंना वाटलं, डोळा लागला.

“तोंडावर ऊन आलं होतं त्यायच्या,” बाई मला सांगत होत्या. “उठवू नाई म्हटलं. हळूच खाट सावलीत ओढली.”