सेन्योंगने दुरुस्त केलेला पंखा

सेन्योंग तैवानहून सुट्टीवर आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. खोटं कशाला बोलू? इथे फिलिपिन्समध्ये, लिपा शहरातल्या तंत्रशाळेत आम्ही एकाच बाकावर बसून इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. तो तिकडे चिपच्या कारखान्यात टेक्निशियन झाला, मी इथे बाजारात दुरुस्तीची टपरी टाकली. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता तोच, म्हणून आम्ही एकमेकांना 'पारे' म्हणतो. मनात काही असलं तरी हसून म्हणतो.

यंदा तो नेमका गावच्या फिएस्टाला, म्हणजे जत्रेला आला. झालं! वर्षभर माझ्याशी घासाघीस करणारी माणसं बिघडलेले भातकुकर आणि कराओके घेऊन त्याच्या अंगणात हजर. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. पण त्या गर्दीत माझी बायको लुमिंग आमचा पंखा घेऊन उभी दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. गावाचं सोडा, हिने तरी मला कारागीर मानायला नको?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सेन्योंग मागच्या दाराने टपरीत शिरला. आमचा पंखा पोत्यात गुंडाळलेला.

"पारे, एवढा करून दे," तो खाली बघत म्हणाला. "तिकडे बिघडलेलं कार्ड काढायचं, नवं बसवायचं. सोल्डर करायचा हातच गेला रे माझा. बाकीच्यांना पार्ट मिळत नाही म्हणून सांगेन, पण लुमिंगला काय सांगू? फक्त गावात बोलू नकोस."

त्या दिवशी मला सोल्डरचा धूरसुद्धा गोड लागला. पंखा असा केला की चालू आहे की बंद, ते आवाजावरून कळू नये. गावात बोलणार नाही, असा शब्द मी दिला होता. लुमिंग म्हणजे काही गाव नव्हे.

संध्याकाळी तो पंखा घरी देऊन गेला, वर अननसाच्या वड्या. लुमिंगने बटण दाबलं आणि डोळे मिटून वाऱ्याला बसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"ईस्टरच्या आधीपासून तुझ्या मागे लागले होते, बघ जरा म्हणून. बघितलास? ज्याला करायचं असतं, तो एका दिवसात करतो."

मीच केला म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. त्याच्यासाठी एका दुपारीत, मग माझ्यासाठी का नाही? मी एक वडी तोंडात टाकली. मेली चवीलाही चांगली निघाली.