खळ लावलेला तंबू

मोटारसायकलवरून डोंगर पालथे घालणाऱ्यांचं मला मुळीच कौतुक नाही. निम्मे लोक डोंगर बघण्यापेक्षा स्वतःचे फोटोच जास्त काढतात. पण आमच्या आंधळगावातले विणकर टेकचंद निमजे, माझे शेजारी, वय एकसष्ट, यांची गोष्ट वेगळी. त्यांना बायकोला डोंगर दाखवायचा होता.

कुसुमताईंनी नागपूरपलीकडे कधी पाऊल टाकलेलं नाही. तंबूत राहायचं म्हटल्यावर त्यांनी अटच घातली. “पयले तुमी एकटे जाऊन या. तीन राती तंबूत काढा. काही वाकडं न होता वापस आले, त मंग मी मागं बसीन. नाही त हा विषय बंद.”

मिळकत बेताची, तेव्हा सगळा सरंजाम घरचाच. स्टोव्ह घरचा, पोहे घरचे, तंबूचं सुती कापडही घरच्याच मागावर विणलेलं. विणायच्या सुताला तांदळाची खळ लावणं हे या घरात कुसुमताईंचं काम. खळीनं धागा ताठ राहतो, तुटत नाही. नवरा थंडीत जाणार म्हणून त्यांनी शिवून झालेल्या तंबूलाही खळीचे दोन हात दिले. तंबू पापडासारखा कडक झाला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. विणकराच्या घरात खळ जास्त झाली असं कोणी म्हणत नाही.

जानेवारीत टेकचंदभाऊ निघाले. तुमसरवरून सिवनी, छिंदवाडा, पुढे तामियाचा घाट. चढावर जुनी गाडी तापायची, मग तिला सावलीत उभं करून भाऊही टेकायचे. संध्याकाळी एखाद्या शेतमालकाला विचारून बांधाला तंबू ठोकायचा आणि समोरच्या दरीकडे बघत पोहे खायचे. इतकं बरं आपल्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, असं त्यांनीच मला सांगितलं.

तिसऱ्या सकाळी आठ वाजता गालाला काहीतरी ओलं लागलं. डोळे उघडले तर तंबूत गाईचं मुंडकं. दवात भिजलेली खळ म्हणजे तिच्या दृष्टीनं पेजच. तंबूच्या एका बाजूचा हातभर तुकडा तिनं चाटून, चघळून फस्त केला होता.

भाऊंना काळजी पडली ती तंबूची नव्हे. हे कुसुमला कळलं तर ती जन्मात येणार नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी सुईदोरा घेतला आणि तंबूच्याच खालच्या पट्टीचं कापड लावून भगदाड असं बेमालूम बुजवलं की मलाही ते दिसलं नाही. घरी काही बोलायचं नाही, असं ठरवूनच ते आले.

कुसुमताईंनी माझ्यासमोरच तंबू उलगडून त्यावरून हात फिरवला. जोडावर बोट थांबलं.

“हे का होय?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? शेवटी त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं, मिटला विषय.

ताई पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, “गाय एवढं कापड खाऊन राहिली होती, तवा तुमी का करत होते?”

“झोपलो होतो.”

“आठ वाजेपर्यंत?”

“हो.”

ताईंनी तंबूची घडी घातली, त्यावर हात ठेवला.

“चाळीस वर्सं झाले, मी पाचच्या पुढं झोपली नाही,” त्या म्हणाल्या. “कवा निघाचं?”