कोमट रेडिएटर

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं गार केली. अबू धाबीत आल्यापासून तो एसी, चिलर आणि डक्टच्याच कामात आहे. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या ज्या कंपनीत ज्युनियर म्हणून लागला, तिथेच आता सीनियर इंजिनीअर आहे. आम्ही जवळच, मोहम्मद बिन झायद सिटी या वस्तीत राहतो. इथे घर गरम करायची वेळ कुणावर येत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठलेलं पाणी अंघोळीला घेतो. ते घराच्या आत असतं म्हणून त्यातल्या त्यात गार. आमची एकुलती एक मुलगी याच घरात वाढली. थंडी म्हणजे स्कूलबसमधला एसी जोरात लागला की अंगात घालायचा स्वेटर, एवढीच तिची ओळख.

लग्नानंतर ही मुलगी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहायला गेली. जावयाची नोकरी तिथे होती. दोघांनी एक जुनं, विटांचं, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती असलेलं घर घेतलं. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि मी बाळंतपणासाठी जाणार असं ठरलं. शाळेच्या लायब्ररीत मी काम करते. तिथली रजा मंजूर झाली, डिंकाचे लाडू कसे न्यायचे याचाही विचार झाला, पासपोर्ट व्हिसासाठी देऊन आले. आणि व्हिसा लांबला. चौकशीला गेले की काउंटरवरचा तरुण फार अदबीने म्हणायचा, "नेक्स्ट वीक, मॅडम, इन्शाल्ला."

त्याच सुमारास तिच्या घरचा बॉयलर बंद पडला.

बॉयलर म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. तिथे स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक पांढरी पेटी असते. तिच्यात गॅस जळतो, पाणी तापतं, आणि ते पाणी पाइपांतून घरभर फिरतं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो, त्यातून ते जातं आणि खोली उबदार होते. जुना बॉयलर दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. नवा बसवला, कंडेन्सिंग बॉयलर. बसवणारा माणूस दोन-चार बटणं दाखवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. अंगावर शाल, डोक्यावर लोकरीची टोपी. "ममा, इट्स नॉट वर्किंग प्रॉपरली. रेडिएटर्स आर जस्ट वॉर्म. जुने इतके हॉट व्हायचे की टच नाही करू शकायचो."

मी फोन घेऊन हॉलमध्ये गेले. नवरा सोफ्यावर बातम्या बघत होता.

आता इथे सांगायला हवं की या दोघांत कधी भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. तिच्या लहानपणी उन्हाळाभर तो साइटवर असायचा. उन्हाळ्यात एसी बंद पडला तर इथे माणसं हवालदिल होतात. ती उठायच्या आत तो गेलेला असे, आणि आला की नुसता आडवा पडे. पुढे तो मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोन वाक्यांत संपायचं. ती इंग्लंडला गेल्यावर तर ठरूनच गेलं. "कशी आहेस?" "फाइन, बाबा." "बरं, आईला देतो."

त्या दिवशी मात्र बॉयलरचं ऐकल्याबरोबर त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. फोन माझ्या हातातून घेतला.

"पेटी दाखव. जवळ ने. टेम्परेचर किती ठेवलंय त्याने?"

"फिफ्टी फाइव्ह, आय थिंक."

"पंचावन्न? फसवलंय तुम्हाला. पंच्याहत्तर कर."

तिने केलं. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला की रेडिएटर तापले, छान वाटतंय. नवरा खूश झाला. जेवताना मला म्हणाला, "बघ, इथे बसून काम झालं."

पण चार-आठ दिवसांत तिच्या वेगळ्याच तक्रारी सुरू झाल्या. खोली भराभर तापते, मग घुसमटतं, मग बॉयलर थांबतो आणि पुन्हा गारठा. गॅसचं मीटर पळतंय. आणि एकदा तर घाबरून तिने अंगणातून कॉल केला. "बाबा, द वॉल इज स्मोकिंग!" भिंतीतून बाहेर आलेल्या एका नळकांड्यातून पांढरे लोट निघत होते आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या खिडकीवरून जात होते.

"धूर नाही, वाफ आहे ती. थोडी दिसणारच," तो म्हणाला. पण फोन ठेवल्यावर "इतकी कशी?" असं स्वतःशीच पुटपुटला.

शनिवारी सकाळी उठून बघते तर साहेब डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलेले. त्या बॉयलरचं मॅन्युअल डाउनलोड करून वाचत होता. चहा दिला, तो गार झाला. दुसरा दिला. दुपारी मी भात लावला होता, तेव्हा तो उठून स्वयंपाकघरात आला आणि पातेल्यावरचं झाकण उचलून उलटं धरलं. आतून पाण्याचे थेंब टपटप गळत होते.

"हे पाणी कुठून आलं?" त्याने मला विचारलं.

"वाफेचं. अजून कुठून येणार?"

"आणि झाकण का तापलं? वाफेचं परत पाणी होताना ती आपल्यातली उष्णता सोडते. भरपूर सोडते. गॅस जळतो तेव्हासुद्धा धुराबरोबर पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमधून ती तशीच बाहेर निघून जायची, उष्णता घेऊन. हा नवा बॉयलर त्या वाफेचं आतच पाणी करतो आणि तिची उष्णता घरासाठी वापरतो. त्यासाठीच तो घ्यायचा. त्याच घरासाठी गॅस कमी लागतो."

"मग बिघडलं कुठे?"

"मी बिघडवलं." त्याने झाकण परत ठेवलं. "वाफेचं पाणी व्हायला काहीतरी गार लागतं. घरभर फिरून परत येणारं पाणी पुरेसं गार असेल तरच ते होणार. मी पंच्याहत्तर करायला लावलं. पाणी परत येतं तेच गरम. मग वाफ चालली बाहेर, शेजारणीच्या खिडकीवर."

त्याने फोन उचलला आणि स्वतःहून लेकीला कॉल लावला. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच. ती घाबरली असावी, कारण पहिला प्रश्न आला, "व्हॉट हॅपन्ड? ममा ओके आहे?"

"आई ठीक आहे. ऐक, मी चुकलो. तुझ्या त्या माणसाचं बरोबर होतं. परत पंचावन्न कर. रेडिएटर कोमट लागतील, लागू देत. बॉयलर हळूहळू बराच वेळ चालू राहील. त्याला सारखं बंद-चालू करू नकोस. उद्यापर्यंत थांब आणि मग सांग."

तिकडे ती हसली. "बाबा, यू जस्ट सेड यू वर राँग."

"हो. खलास. आता तो विषय नको."

त्याने तिलाही भाताच्या झाकणाचं सांगितलं. ती शाळेत विज्ञानात हुशार होती. लगेच म्हणाली, "सो इट्स लाइक द ड्रिप पाइप ऑन अवर एसी. तिथेसुद्धा हवेतल्या वाफेचं पाणी होतं ना?"

तो खुर्चीत सरळ बसला. "बरोब्बर! एसीत ती उष्णता आपण बाहेर टाकतो. तुझा बॉयलर ती घरात ठेवतो."

मी भात उतरवला आणि पानं घ्यायचं लांबवलं. इतका वेळ दोघं कधी बोललीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कळवलं की खोल्या सगळ्या सारख्याच उबदार आहेत, आता घुसमटत नाही. पण कॉल थांबले नाहीत. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की फोन घेऊन बसायचा. आधी बॉयलरची चौकशी व्हायची, मग खिडक्यांच्या फटींची, मग वरच्या मजल्यावरच्या त्या लहान खोलीची, जिथे पाळणा ठेवायचा होता. पाळणा रेडिएटरला चिकटवू नकोस, बाहेरच्या भिंतीलाही नको, असं तो सांगायचा. ती फोन फिरवून फिरवून जागा दाखवायची.

मग जानेवारीत ती सकाळ आली. आमच्याकडे सुरेख हवा होती, मुलं मैदानात पीटी करत होती. मी लायब्ररीत पुस्तकं लावत होते. तिचा फोन आला. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, सगळीकडे बर्फासारखं दहिवर होतं, आणि बॉयलर गुरगुर आवाज करून बंद पडला होता. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेला होता, दुपारी परतणार होता. तिला नववा महिना.

"ममा, आय कॅन सी माय ब्रेथ," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

व्हिसा नाही, काही नाही, मी काय करणार होते? नवऱ्याला कॉलमध्ये घेतलं. तो मुसफ्फात एका गोदामाच्या छतावर होता, मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. "एक मिनिट, यार, सब बंद करो!" तो ओरडला, आणि तिकडे सगळं शांत झालं.

"बाळा, आवाज कसा आला? बाटलीतून पाणी ओतताना येतो तसा?"

"येस. एक्झॅक्टली तसा."

"मग तो बिघडलेला नाही. वाफेचं जे पाणी होतं ना, ते एका प्लास्टिकच्या बारीक पाइपने बाहेर जातं. बाहेर तो पाइप गोठलाय. पाणी अडलं म्हणून बॉयलर स्वतःच थांबला. पाइपवर गरम पाणी ओतलं की सुटेल."

"ओके, आय विल गो."

"अजिबात बाहेर जायचं नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की दारातून दोन मुलींनी वळून पाहिलं. "अरे, तिला काय सांगतोस? अंगण सगळं निसरडं झालं असेल!"

"ममा, आय ॲम नॉट मेड ऑफ ग्लास."

"आई म्हणते ते ऐक," तो म्हणाला. "शेजारच्या बाईंना बोलाव. त्या खिडकीवाल्या."

ती संकोचली. वाफेवरून त्या बाईंनी एकदा नाक मुरडलं होतं. पण तिने भिंतीवर ठोठावलं, मग आपल्या दारातूनच हाक मारली. त्या आल्या. ड्रेसिंग गाउन, पायात रबरी बूट. फोन आता त्यांच्या हातात होता, आणि माझा नवरा छतावरून आपल्या साइटवरच्या इंग्रजीत त्यांना पाइप शोधून देत होता. "नो बॉइलिंग, मॅडम, प्लीज. पाइप विल क्रॅक. ओन्ली वॉर्म. लाइक बेबीज बाथ."

"आय हॅव बाथ्ड फोर ऑफ देम, डिअर," बाई म्हणाल्या. "आय नो हाऊ वॉर्म."

त्यांनी झारीने पाणी घातलं. पुन्हा भरून आणलं, पुन्हा घातलं. मध्येच पाइपमधून खळखळ झाली. लेकीने फोन परत घेऊन आत बॉयलरचं रीसेटचं बटण दाबलं. आम्ही तिघं तीन ठिकाणी कान देऊन होतो. मग तिचा आवाज आला, "इट्स ऑन. बाबा, इट्स ऑन."

मी नवऱ्याला विचारलं, "अरे, आहेस ना?" तो म्हणाला, "आहे. बसलोय जरा." नंतर त्याच्या हाताखालच्या सुपरवायझरने मला सांगितलं की साहेब त्या दिवशी डक्टवर बसून बराच वेळ रुमालाने डोळे पुसत होते. त्याला वाटलं, धूळ गेली असेल.

बाईंनी तिच्यासाठी चहा केला आणि जावई येईपर्यंत सोबत बसल्या. त्याने येताना पाइपवर घालायला जाड फोमचं वेष्टण आणलं. ते कसं बसवायचं हेही अबू धाबीहूनच सांगितलं गेलं.

नात झाली तेव्हा मी तिथे नव्हते. त्याचं दुःख अजून आहे. व्हिसा तिच्या बारशाच्या थोडा आधी आला. मी पोहोचले, बॅग दारातच ठेवून वर गेले. लहान खोलीत एकच दुपटं पांघरून बाळ झोपलं होतं, हात दोन्ही बाजूंना टाकून. खोली आमच्या पुण्याच्या फेब्रुवारीतल्या दुपारसारखी होती. मी लेकीला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

आता नात चालायला लागली आहे. लेकीचा फोन पूर्वी माझ्या मोबाइलवर यायचा, आता त्याच्या मोबाइलवर येतो. मला जरा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. परवा तिने विचारलं की पुन्हा पूर्ण वेळ नोकरी धरावी का, की अजून एक वर्ष थांबावं. मला वाटलं, आता हा म्हणणार, आईला देतो. तो उठला, चपला घालून बाल्कनीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. आतून मला फक्त त्याचे हातवारे दिसत होते. पोळ्या झाल्या, ताटं वाढली, तरी तो बोलतच होता.